इस्त्रीच्या टेबलावरचं इच्छापत्र

बुधवारी सकाळी लाँड्रीचं शटर अर्धंच वर गेलं आणि त्याला आईंच्या अक्षरातला एक पुठ्ठा लटकला : 'आज बंद. घरचं काम आहे.'

सूनबाई तो वाचून पायरीवरच थांबली. ती लग्न होऊन आल्याला चोवीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात सुट्टीचा वार सोडून दुकान बंद राहिलं ते एकदाच, तिचे सासरे अण्णा गेले तेव्हा. त्या दिवशीसुद्धा आईंनी संध्याकाळी शटर उघडून लोकांचे कपडे देऊन टाकले होते. आपण रडतोय म्हणून लोकांनी चुरगळलेलं घालायचं का, असं म्हणाल्या होत्या.

आतल्या खोलीत दहा फुटी इस्त्रीचं टेबल होतं. फळीवर ब्लँकेटचे तीन थर, वर चादर. आईंनी चादर बदलली होती, वाफेच्या इस्त्र्या कोपऱ्यात सरकवल्या होत्या आणि टेबलाभोवती पाच स्टुलं मांडून स्वतः टोकाला बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. ओठ किंचित निळसर, आणि धाप लागलीय हे दिसू नये म्हणून उगाच पावतीपुस्तक चाळत.

"स्टुलं तुम्ही उचलली?"

"ढकलली. डॉक्टरनं उचलायला मनाई केलीय, ढकलायला नाही."

"आई, उद्या भरती व्हायचंय. परवा ऑपरेशन."

"म्हणून तर आज बोलावलंय सगळ्यांना. वकीलबाई दहाला येतील. चिमी सकाळच्या बसनं निघालीय. आणि तुझा नवरा हॉटेलच्या चादरी पोचवून आला की बसेल. त्याला सांगितलेलं नाही मी. सांगितलं असतं तर तो दुपारपर्यंत फिरकला नसता."

चिमी येणार म्हटल्यावर सूनबाईनं स्टुलांकडे पुन्हा एकदा बघितलं आणि दोन स्टुलं एकमेकांपासून आणखी लांब सरकवली.

चिमी म्हणजे तिची नणंद. चाळिशी ओलांडली, बस कंपनीत वेळापत्रकं आखायच्या कामावर साहेबीण झाली, तरी घरात चिमीच. तिचं आणि तिच्या भावाचं, दादाचं, पाच वर्षांत एक वाक्य बोलणं नव्हतं. अण्णांना झटका आला, श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, गळ्याला भोक पाडून नळी घातली. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता ठरवा. चिमी म्हणाली, थांबवा. दादा म्हणाला, मी असेपर्यंत नाही. आई दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून होत्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. त्रेचाळिसाव्या दिवशी अण्णांचं हृदय आपणहून बंद पडलं. त्यानंतर दवाखान्याच्या आवारातच चिमी भावाला म्हणाली, "कोंडून ठेवलंस तू त्यांना." आणि दादा म्हणाला, "तुला घाई झाली होती." तेवढ्या दोन वाक्यांवर घर उभं चिरलं.

वकीलबाई बरोबर दहाला आल्या. पस्तिशीतली बाई, दुचाकीचं हेल्मेट काखेत. त्यांचे काळे कोट इथंच यायचे आणि गळ्याच्या पांढऱ्या पट्टीवरची शाई सूनबाईच काढून द्यायची, कारण डाग काढायचं टेबल तिचं होतं. पाठोपाठ चिमी आली. वहिनीला मिठी मारली, आईच्या हनुवटीला हात लावला आणि दाराकडे तोंड करून बसली, म्हणजे भाऊ आला की आधी दिसेल.

दादा आला तो किल्ल्या बोटात फिरवत. "बंद का आहे दुकान? बाहेर दोघीजणी उभ्या..." मग त्याला बहीण दिसली. किल्ल्या थांबल्या. त्यानं बायकोला विचारलं, "ही कधी आली?"

"ही तासापूर्वी आली," चिमी छताकडे बघत म्हणाली.

"बस," आई म्हणाल्या. "दोघांशी एकदाच बोलायचा दम आहे माझ्यात, दोनदा नाही. मी वैद्यकीय इच्छापत्र करतेय. मृत्युपत्र नाही. ते मेल्यावर उघडतात. हे त्याच्या आधीचं आहे. मी जिवंत आहे पण बोलू शकत नाही, अशी वेळ आली तर माझ्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, ते त्यात लिहायचं."

दादाचा चेहरा उतरला. "परवा ऑपरेशन, आणि आज मरणाचे कागद? डॉक्टर म्हणालेत ना, धोका नाही म्हणण्याइतकाच आहे."

"मी नीट विचारलं त्यांना. शंभरात तीन. शंभर शर्टांतले तीन जाळणाऱ्याला तू इस्त्रीवर ठेवशील का?"

"शर्टांशी काय बरोबरी करतेस?"

"मला शर्टांचंच कळतं. वकीलबाई, वाचा तुम्ही."

वकीलबाईंनी मसुदा काढला. त्यांचा आवाज कोर्टात असावा त्यापेक्षा खालचा होता, पण शब्द सुटे आणि स्वच्छ. आईंचं हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन त्यांच्या पूर्ण संमतीनं होतंय. बरं होण्याची आशा असेल तोवर सगळे उपचार करावेत. मात्र दोन डॉक्टरांनी, ज्यातला एक बाहेरचा असेल, लेखी सांगितलं की शुद्ध परत येण्याची वाजवी शक्यता नाही, तर श्वासाचं यंत्र चालू ठेवू नये, नळीनं अन्न देऊ नये, हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करण्याची धडपड करू नये. वेदना कमी करणारं औषध शेवटपर्यंत द्यावं, "जेणेकरून मला शांतपणे जाता येईल."

"'शांतपणे' खोडा," आई म्हणाल्या.

वकीलबाईंनी वर बघितलं. "साधारण असंच लिहितात, काकू."

"लिहीत असतील. चौऱ्याहत्तर वर्षांत मी एक गोष्ट शांतपणे केलेली नाही. उद्या कुणी हा कागद वाचला तर म्हणेल, ही दुसरीच कुठली तरी बाई आहे."

चिमी खुदकन हसली. दादा हसला नाही, पण त्याची नजर खाली गेली, आणि सूनबाईला कळलं की हसू त्यालाही आलं होतं आणि त्यानं ते गिळलं.

"आणखी एक," वकीलबाई म्हणाल्या. "ऑपरेशननंतर काही वेळ श्वासाचं यंत्र लागतंच. ते तुम्हाला चालेल ना? किती दिवस चालेल, तेही लिहिलेलं बरं."

"चालेल की. महिनाभर ठेवा लागलं तर. मी काही जिवाला कंटाळलेली नाही. छाती फाडून घेतेय ती जगायचंय म्हणूनच ना? पण महिना तेव्हा, जेव्हा डॉक्टर म्हणतात की सुधारणा आहे. ते 'बघू या' म्हणायला लागले, की तिथून पुढं नाही. अण्णांच्या वेळी तीस दिवस नुसतं 'बघू या' चाललं होतं."

"'बघू या' कायद्याच्या भाषेत बसवावं लागेल."

"बसवा. त्यासाठीच तुम्ही शिकलात."

वकीलबाईंनी लिहून घेतलं. मग पेन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आता तुम्ही तिघं थोडा वेळ बाहेर बसा. मला काकूंशी एकटीनं बोलायचंय."

"आमच्यासमोर बोला ना," दादा म्हणाला. "आम्ही परके आहोत का?"

"परके नाही, म्हणूनच. हे सगळं त्या स्वतःच्या मनानं करतायत, कुणाच्या दबावानं नाही, एवढी माझी खात्री व्हायला हवी. आणि निर्णयाचं काम कुणावर सोपवायचं ते त्या तुमच्यासमोर मोकळेपणानं सांगणार नाहीत."

"मी कुणाच्याही समोर मोकळेपणानंच सांगते," आई म्हणाल्या. "पण जा बाहेर. ह्यांना त्यांचं काम करू दे."

बाहेर काउंटरवर तयार कपड्यांच्या रांगा टांगलेल्या होत्या, सगळ्यांवर पातळ पारदर्शक प्लास्टिक. एका रांगेच्या अलीकडे दादा उभा राहिला, पलीकडे चिमी. सूनबाई काउंटरमागं गेली आणि हातांना काम हवं म्हणून नंबरांच्या चिठ्ठ्या लावू लागली.

"तू शिकवलंस तिला हे," दादा कोटांना म्हणाला. पाच वर्षांत बहिणीला उद्देशून हे त्याचं पहिलं वाक्य.

"मला शनिवारी फोन आला. ये म्हणाली, कशाला ते नाही सांगितलं. मला वाटलं दुकानाची वाटणी करतेय."

"म्हणून धावत आलीस."

"हो, मला दोन बॉयलर आणि तुझी खटारा गाडी हवीय ना. घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवणार आहे."

"मग आता ते काम तुलाच मिळेल बघ. तुला तेव्हाही तेच हवं होतं."

"मिळालं तर करीन," चिमीचा आवाज चढला. "कुणीतरी करायलाच पाहिजे. तू काय करणार? परत तिच्या गळ्याला भोक पाडून उशाशी बसून राहशील आणि मला पुत्रप्रेम सांगशील."

"मी बसलो तरी. तू किती दिवस बसलीस? मोज."

"मोजू नकोस, दादा. मी मोजायला लागले तर तुला झेपणार नाही."

एक हँगर दांडीवरून निसटून पडला. सूनबाईनं तो उचलला, प्लास्टिक झटकलं, परत टांगला.

"तू काही बोलत का नाहीस?" दादा तिच्याकडे वळला.

"मी काय बोलू?"

"वहिनी कधी बोललीय?" चिमी म्हणाली. आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. "ती तुझ्याच बाजूनं आहे. पहिल्यापासून."

"आहेच ती माझ्या बाजूनं."

दोघांचं इतक्या वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि तेही तिला न विचारता. सूनबाईनं हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या. तिला एकदम उकडायला लागलं. बॉयलर तर आज बंद होता.

आतून हाक आली.

आईंचे डोळे लाल होते, पण मान ताठ. वकीलबाईंनी मसुद्याचं चौथं पान वर ठेवलं होतं. तिथली मोकळी जागा आता भरलेली होती.

"माझ्या वतीनं बोलायचं काम मी सूनबाईवर सोपवलंय," आई म्हणाल्या.

सूनबाईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"वहिनीवर?" चिमीचा आवाज लहान मुलीसारखा निघाला. "मी असताना?"

"तू असताना. तुझ्यावर सोपवलं तर तू माझं म्हणणं तंतोतंत पाळशील, मला माहीत आहे. आणि हा उरलेलं आयुष्य तुला म्हणेल, तू आईला मारलंस. ह्याच्यावर सोपवलं तर..."

"तर तू जगशील," दादा म्हणाला.

"तर मी पडून राहीन. तू रोज येऊन माझे पाय चेपशील, मला ते कळणार नाही, आणि तू म्हणशील आईनं आज बोट हलवलं. नाही रे. ते मला नको, आणि तुला तर मुळीच नको. गेल्या वेळी काय अवस्था झाली होती तुझी, ते मी बघितलंय."

"पण तिच्यावर का?"

"कारण त्या त्रेचाळीस दिवसांत तुम्ही सगळ्यांना विचारलंत. डॉक्टरला विचारलंत, नर्सला विचारलंत, मोबाइलमध्ये विचारलंत. ही एकटी अण्णांच्या जवळ बसून अण्णांना विचारायची. उजेड हवाय का, कूस बदलू का, आता मी जाऊ का. ते उत्तर देत नव्हते तरी विचारायची. मी दारातून बघत होते. मी त्यांची बायको, आणि मला ते सुचलं नाही. मी तेव्हा दोघांच्या मधे गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. म्हणून आता मरायच्या आत बोलून घेतेय."

दादानं दोन्ही हात टेबलावर टेकले. "वकीलबाई, ते नाव काढा. ही हे काम करणार नाही. मी सांगतो ना. ती माझ्या शब्दाबाहेर नाही."

"ते मला त्यांच्याकडून ऐकावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या आणि सूनबाईकडे वळल्या. "हे बंधन नाही. तुम्ही नाही म्हणू शकता. नाही म्हणालात तर काकू दुसरं नाव देतील."

सगळे तिच्याकडे बघत होते. डाग काढायच्या टेबलावर ती एकटी असायची. तिथं कुणी तिच्याकडे असं बघत नसे. नाही म्हणणं किती सोपं होतं. नवरा खूश, नणंद खूश, संध्याकाळी घरात नेहमीसारखा टीव्ही लागला असता. ती 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात तिच्या लक्षात आलं की हे 'नाही' आपलं नाही. नवऱ्यानं आत्ताच तिच्या तोंडात ठेवलेलं ते होतं.

"अण्णांनी उत्तर दिलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"आई म्हणाल्या ना, ते उत्तर देत नव्हते. एकदा दिलं होतं. विसाव्या दिवशी, दुपारी. त्या दिवशी शुद्ध बरी होती. मी नेहमीसारखं विचारलं, काही हवंय का. त्यांनी माझा हात ओढला आणि तळहातावर बोटानं लिहिलं. हळूहळू. 'पुरे.' मी विचारलं, काय पुरे, पंखा का? त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. नळीवर बोट ठेवलं. मग परत लिहिलं, 'पुरे.'"

दादानं डोळे मिटले.

"मी जिन्यात गाठून ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, औषधाच्या गुंगीत असतील. कुणाला सांगू नकोस. चिमीला तर नाहीच."

चिमी उठून उभी राहिली. स्टूल मागं पडलं. "दादा, तुला माहीत होतं."

"मला वाटलं ते उठतील," दादा म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "तुम्हाला खोटं वाटेल. मी रोज सकाळी गाडी धुऊन जायचो. वाटायचं, आज उठून बसतील आणि विचारतील, गाडीत तेल घातलंस का. 'पुरे' म्हणजे... त्यांनी कधी कशाला पुरे म्हटलं होतं? पन्नास वर्षांत? मी कसा विश्वास ठेवणार होतो?"

"आणि वहिनी, तू," चिमी तिच्याकडे वळली. "पाच वर्षं मी स्वतःला खात बसलेय. मला वाटत होतं, खरंच का मला घाई झाली होती. तुझ्याकडे एक शब्द होता आणि तो तू मला दिला नाहीस."

"हो," सूनबाई म्हणाली. "माझं चुकलं. अण्णांनी तो मला दिला होता तो सांगायला, लपवायला नाही. तुझी मी माफी मागते. अण्णांची कशी मागू ते मला कळत नाही."

आई बराच वेळ चादरीवरची नसलेली सुरकुती हातानं सारखी करत होत्या. मग म्हणाल्या, "भांडा नंतर. मलाही भांडायचंय, तुझ्याशीसुद्धा, सूनबाई. घरी आले की भांडीन. साक्षीदार बाराला येणार आहेत आणि तू अजून उत्तर दिलेलं नाहीस."

दादानं बायकोकडे बघितलं. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "मला विचारल्याशिवाय सही करायची नाही."

"विचारत नाही मी," ती म्हणाली. "सांगतेय. मी सही करणार आहे. तुम्हाला राग येईल, तो मी सोशीन. मागच्या वेळी तुमचं ऐकलं, ते मला सोसत नाही."

मग ती आईंकडे वळली. "पण माझी एक अट आहे. मी तुम्हाला परत परत विचारणार. परवा ऑपरेशनच्या आधी विचारीन. घरी आलात की विचारीन. दर वर्षी विचारीन. एकदा जरी नको म्हणालात, तर कागद फाडायचा."

"कायदाही तेच म्हणतो," वकीलबाई म्हणाल्या. "काकू स्वतः बोलू शकतात तोवर ह्या कागदाला काही अर्थ नाही. त्यांचं बोलणंच शेवटचं."

"माझं बोलणं शेवटचं," आई म्हणाल्या. "हे वाक्य आहे का त्यात? नसेल तर घाला. सगळ्यात वर."

बारा वाजता साक्षीदार आले. शेजारचे चष्मेवाले आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई, दोघांनाही आईंच्या मालमत्तेतला एक हँगरसुद्धा मिळायचा नव्हता म्हणून निवडलेले. चष्मेवाल्यांनी सही करण्याआधी सगळा कागद वाचला, दुसऱ्या पानावर दोन शब्दांची जागा चुकलीय म्हणाले, आणि खरोखरच चुकली होती. वकीलबाईंनी ती मुकाट्यानं दुरुस्त केली. आईंनी प्रत्येक पानावर सही केली. पावतीवर करायच्या तशीच, खाली दोन रेघा मारून. शेवटी सूनबाईनं केली.

शिक्का मारणारे नोटरी दोन गल्ल्या सोडून बसायचे. दादा बाहेर गेला आणि गाडी दाराशी लावून दरवाजा उघडून उभा राहिला.

"मी चालत जाणार," आई म्हणाल्या.

"डॉक्टरनं—"

"डॉक्टरनं जिने चढू नका म्हटलंय. रस्ता सपाट आहे."

त्या निघाल्या. एका बाजूला चिमी, दुसऱ्या बाजूला सूनबाई, पुढं हेल्मेट घेतलेल्या वकीलबाई, मागं साक्षीदार. दर पन्नास पावलांवर आई थांबायच्या आणि दम खायला थांबल्यात असं वाटू नये म्हणून दुकानांच्या काचेत बघायच्या. सायकलच्या टायरांकडे दोन मिनिटं बघितलं. कुलपांकडे तीन मिनिटं. आणि त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीनं, दादाची गाडी येत राहिली. मागं रिक्षा, टेम्पो, स्कूटरवाले हॉर्न वाजवून बेजार झाले. एकानं डोकं बाहेर काढून शिवी दिली. दादानं काच वर केली आणि गाडीचा वेग वाढवला नाही.

चिमीनं एकदा मागं वळून बघितलं. "मूर्ख आहे," ती पुटपुटली. थोडं चालल्यावर म्हणाली, "जेवलाय का तो सकाळपासून?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

परतताना चिमी आपणहून गाडीत बसली, पुढच्या सीटवर. तिनं त्याच्यासमोर बिस्किटांचा पुडा धरलेला होता, आणि दुसऱ्या चौकापर्यंत तो संपला.

तो कागद पुढं सात वर्षं लोखंडी कपाटात, आईंच्या खणात राहिला. दर वर्षी सूनबाई तो काढायची, वाचून दाखवायची आणि विचारायची. आई म्हणायच्या, तसाच ठेव. एका वर्षी म्हणाल्या, औषधाच्या ओळीखाली लिही, माझा चष्मा काढून ठेवू नका. वकीलबाईंनी ते रीतसर लिहून परत शिक्का मारून आणलं.

पण त्या गुरुवारी सकाळी हे काहीच कुणाला माहीत नव्हतं. आदल्या संध्याकाळी दादा बायकोशी बोलला नव्हता. सकाळी त्यानं आईची बॅग गाडीत ठेवली, आणि चहाचे दोन कप केले. नेहमी तो स्वतःपुरता करायचा. तिच्यासमोर कप ठेवून तो म्हणाला, "मला ते पटलेलं नाही."

"माहीत आहे."

"तो दिवस आला तर मी तुझ्याशी भांडीन. तिथंच, दवाखान्यात. सगळ्यांसमोर."

"भांडा. मी तेव्हाही आईंना काय हवं होतं तेच सांगीन."

त्यानं मान हलवली. होकार होता की नुसतीच दखल, ते तिला कळलं नाही. चहात साखर जास्त पडली होती. ती प्यायली.

दवाखान्याच्या भरतीच्या काउंटरवर एक तरुण कारकून होता. त्यानं चाकाच्या खुर्चीतल्या आईंकडे बघितलं, मागं उभ्या असलेल्या तिघांकडे बघितलं आणि फॉर्म पेनासकट दादापुढं सरकवला. "मुलगा ना? इथं, इथं आणि इथं. खाली जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव."

दादानं पेन हातात घेतलं. फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. सूनबाईच्या पर्समध्ये शिक्क्याचा कागद होता. पर्सचा पट्टा तिनं मुठीत घट्ट धरला होता. आता काढावा लागला तर काढायचा, असं तिनं मनाशी ठरवलं. चिमी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"हा ह्यांना द्या," दादा म्हणाला आणि पेन बायकोच्या हातात दिलं.

"पण मुलगा तुम्ही ना?"

"मुलगा मीच. ते काम हिच्याकडे आहे. कागद आहे तसा."

कारकुनानं कागद बघितला, प्रत काढून घेतली आणि फॉर्म तिच्याकडे वळवला. नाव, पत्ता, फोन. मग 'रुग्णाशी नातं' अशी ओळ आणि पुढं छापलेल्या चौकटी. पती, पत्नी. मुलगा, मुलगी. भाऊ, बहीण. इतर. तिनं दोनदा वाचलं.

"'इतर'वर खूण करा," कारकून म्हणाला.

"इतर कोण?" आई खुर्चीतून म्हणाल्या. "आमच्याकडे कुणी इतर नाही."

सूनबाईनं 'इतर' हा शब्द एका रेघेनं खोडला. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सून', आणि खाली दोन रेघा मारल्या.

"असं चालत नाही, मॅडम. संगणकात 'इतर'च येतं."

"संगणकात तुम्हाला घालायचं ते घाला," ती म्हणाली आणि फॉर्म त्याच्याकडे सरकवला. "कागदावर हेच राहील."